द्रौपदाबाईची सावध झोप

"रातभर डोयाले डोया नही लागना मना. आते डोकं नुसतं ठणकी ऱ्हायनं."

ताडपत्रीच्या पलीकडून, हातभर अंतरावरून हे शब्द आले, तेव्हा कमलबाई गोधडीत उताणी पडून त्याच ताडपत्रीकडे बघत होती. तिचाही डोळा लागला नव्हता. आसपासच्या दहा पालांत कुणाचाच लागला नसावा. फरक एवढाच, की झोप न आल्याची कुरकुर करणारी बाई तेवढी रात्रभर गाढ झोपली होती, आणि बाकीची जत्रा तिच्या घोरण्यानं जागी होती.

एकोणनव्वद सालची सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंती होऊन गेली होती, पण घोड्यांचा बाजार अजून भर रंगात होता. तापीच्या काठानं जिकडे तिकडे पालं, चुली, दावणी. चोपड्याकडून कमलबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, चुडामण पाटलांचं, बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं होतं. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातून बन्सीलाल नानांचं बैलगाडीतून. दोघांची पालं एकाला एक लागून, मध्ये फक्त ताडपत्री. विचारलं तर दोन्हीकडचे सांगायचे, देवाला आलोय. खरं म्हणजे चुडामणची मुलगी कोकिळा नानांच्या वाल्मीकला दाखवायची होती. तेही बरोबर नाही. ती वाल्मीकच्या आईला ऐकवायची होती.

ही अट वाल्मीकच्या आईचीच, म्हणजे द्रौपदाबाईची. वाल्मीक धुळ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होता, स्वभावानं गरीब, आणि आईच्या झोपेपायी अजून बिनलग्नाचा. एक मुलगी पैंजणांमुळे गेली. दुसरी चहाचा फुरका मारते म्हणून. तिसरीचं तर सगळं ठरत आलं होतं, पण पोहे वाढताना तिनं डाव पातेल्याच्या काठावर आपटला.

"बाई सोन्यासारखी आहे," सोयरीक आणणाऱ्या छगनभाऊंनी चुडामणच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. "एकच आहे, की तिची झोप फार सावध. तिचं म्हणणं, पोरगी माले दिवसा दाखवू नका. चार रात्री जवळ निजू द्या. मी आपली ऐकीसन सांगस."

हे सांगताना छगनभाऊ स्वतःच्या चपलांकडे बघत होते. कमलबाईला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. आता पहाटे गोधडीत पडल्या पडल्या तिला त्या चपलांचा अर्थ कळला.

बाहेर चूल पेटली. चहा झाला. दोन्ही घरं एकाच शेकोटीला बसली, आणि कमलबाईनं रीतीप्रमाणे विचारलं, "झोप झाली का अक्का?"

"कसानी झोप?" द्रौपदाबाई म्हणाली. बाई अंगानं भरलेली, गोरीपान, कपाळावर मोठं कुंकू, आणि चेहऱ्यावर खरोखरचा थकवा. "तुमना बाजूले कोनीतरी घोरस. मी नाव नही लेस. पन घोरस."

छगनभाऊंना अचानक लांबचा एक घोडा दिसला. बन्सीलाल नाना बशीचा तळ निरखू लागले. वाल्मीकनं कानातून कापसाचा बोळा काढला, तो सगळ्यांना दिसला असं त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं तो घाईनं खिशात टाकला.

शेवटी चुडामणचे वडील, निंबा आबा, खोकले. म्हाताऱ्याला दम्यामुळे आडवं होता येत नसे. सारी रात्र ते चाकाला टेकून विड्या ओढत बसले होते, हे विड्यांची थोटकंच सांगत होती. पण आबांनी घरातल्या चार पोरी उजवल्या होत्या. मुलाकडच्यांना आमटीत मीठ जास्त आहे असं सांगता येत नाही, तिथं तुम्ही घोरता असं कोण सांगणार?

"म्हातारा मानूस," आबा म्हणाले. "मीच व्हसू."

"मंग बरं व्हयनं," द्रौपदाबाईचा चेहरा उजळला. "सापडनं ना."

त्याच दुपारी आबांना एसटीत बसवून दोंडाईच्याला त्यांच्या बहिणीकडे पाठवण्यात आलं. जाताना ते कमलबाईला म्हणाले, "बेटा, माले तठे झोप लागी." आणि ते त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं, की कमलबाईला त्यांचा हेवा वाटला.

हे सगळं कशासाठी, हे कमलबाईला पक्कं ठाऊक होतं. कोकिळा तेवीस वर्षांची होती, डी.एड. झालेली, आणि उंच. बापाहून उंच, भावांहून उंच. स्थळं यायची, बसायची, आणि ती चहा घेऊन बाहेर आली की मान वर करून बघायची आणि घरी जाऊन नकार कळवायची. गावातल्या बाया तिला घोडनवरी म्हणत, आणि ते अगदी तिला ऐकू जाईल असं म्हणत. कोकिळेनं हल्ली पोक काढून चालायला सुरुवात केली होती. आईला तेच जास्त लागायचं.

आल्या दिवशी मात्र वेगळं झालं. वाल्मीक तिच्या खांद्याला लागत होता. बाजारातल्या गर्दीत तो तिच्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हाला पुढचे घोडे दिसतात का हो? मला नुसत्या टोप्या दिसतात."

कोकिळा हसली. मग तिनं त्याला सारा बाजार सांगितला. पांढरा आहे, त्याच्या कपाळावर टिळा आहे, आता तो नाचतोय, आता त्यानं मालकाची टोपी खाल्ली. वाल्मीक डोळे मिटून ऐकत होता. त्यानं एकदाच विचारलं, "कुठली टोपी खाल्ली म्हणालात?" आणि कमलबाईनं मागून बघितलं तर पोरगी सरळ उभी होती. पार सरळ. तिची खरी उंची आईलाच जणू पहिल्यांदा दिसली.

म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारचा घोडेवाला तोताराम तक्रार घेऊन आला, तेव्हा चुडामणनं तीही पदरात घेतली.

"पाटील, रातले इंजन बंद ठेवत जा," तोताराम म्हणाला. "मनी घोडी चारा सोडी उभी शे. गिऱ्हाईक दात देखाले येस, आन ती कान टवकारी तुमना पालकडे देखस."

"करस बंद," चुडामण म्हणाला.

"रातभर चालाडतस म्हंजे डिझेलबी कितलं लागत व्हई."

"लागस," चुडामण म्हणाला.

त्या आवाजाला इंजिन म्हणण्यात तोतारामची चूक नव्हती. आधी एक बारीक शीळ निघायची. मग विहिरीतलं पाणी तळाला गेल्यावर पंप जशी हवा ओढतो तसं काहीतरी. मग क्षणभर सगळं शांत, इतकं शांत की कमलबाईला काळजी वाटायची. आणि मग एकदम पट्टा चढल्यासारखी घरघर. आणि हे कशात? पलीकडे मौत का कुआँ होता, त्यात दोन फटफट्या लाकडी भिंतीवर फिरत होत्या. लोकनाट्याचे कर्णे होते. पाळणा कुरकुरत होता. त्या सगळ्यांवर द्रौपदाबाईचा आवाज वेगळा ओळखू यायचा.

कुआँबद्दल तिची स्वतःची मात्र काही तक्रार नव्हती.

"फटफट्यासनं काय," ती सकाळी म्हणाली. "तो सरळ आवाज शे. घोरनं वाकडं ऱ्हास. आबा गयात तरी घोरनं शेच. आन तुमना टॅक्टरमाईन पानी टपकस. टप, टप. रातभर मोजत पडनू मी."

चुडामणनं ट्रॅक्टरकडे बघितलं, मग बायकोकडे, मग कोकिळेकडे. कोकिळा चुलीशी भाकरी थापत होती. भाकरी थापायची म्हणजे हाताचा आवाज होणारच, पण ती पोर दोन बोटांनी, अशी हलक्या हातानं पीठ पसरवत होती की जणू ती भाकरी नसून कुणाचं तान्हं बाळ आहे. भाकऱ्या जाड होत होत्या आणि कुणी काही म्हणत नव्हतं.

"अक्का," चुडामण म्हणाला, "टॅक्टर मना, आन घोरनंबी मनंच. मी दोन्ही ली जास."

तो ट्रॅक्टर घेऊन मौत का कुआँच्या मागच्या बाजूला गेला आणि ट्रॉलीत झोपला. दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा ताजा होता. कमलबाईला बाजूला घेऊन तो म्हणाला, "तठे बठ्ठी शांतता शे." मग इकडेतिकडे बघून, "एक सांगू? नाना बैलांजोडे निजतस ना, मी मुद्दाम जाईसन देखं. काहीच आवाज नही. मानूस जित्ता शे का नही म्हनीसन वाकी देखं मी."

नाना आल्या रात्रीपासून बैलांपाशीच झोपत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जेवण झालं की ते आपली घोंगडी उचलत आणि जात, जसा एखादा माणूस रोज कामावर जातो.

आता पालात तिघी बाया उरल्या. द्रौपदाबाईनं वाल्मीकलाही बापाकडे पाठवलं आणि मधली ताडपत्री स्वतःच्या हातानं सोडली.

"आज मी सोता चोर धरस," ती म्हणाली. "तुम्ही दोन्ही मायलेकी दोन बाजूले, मी मझार. कोठेनबी आवाज वना, माले समजी."

तिनं मध्ये अंथरूण घातलं, दोन्ही कान मोकळे राहतील असा पदर मागे बांधला आणि म्हणाली, "आते मी जागी शे. तुम्ही दोन्ही नीजा. मी नुसती पडस, आन ऐ..."

बाकीचा शब्द शिळेत गेला.

कमलबाई आणि कोकिळा त्या देहाच्या दोन बाजूंना, एकमेकींना न दिसता पडून राहिल्या. गोधडी वरखाली होत होती. थोड्या वेळानं कोकिळेच्या बाजूनं एक बारीक हुंदका आला असं कमलबाईला वाटलं. मग कळलं की पोरगी तोंडात पदर कोंबून हसते आहे. कमलबाईलाही हसू आलं. मग तिच्या मनात आलं की ही हसणारी पोर उद्या नाकारली जाणार आहे, आणि तिनं न राहवून द्रौपदाबाईच्या कुशीला हळूच कोपर लावलं.

घरघर थांबली. द्रौपदाबाई डोळे उघडून कुजबुजली, "ऐकं?"

"काय, अक्का?"

"बंद व्हयनं. असंच व्हस. मी कान दिधा का बंद व्हस. मोठं हुशार शे ते."

कमलबाईनं कोपर मागे घेतलं.

"तुम्हालेबी झोप नही ना?" द्रौपदाबाईनं तिचा हात चाचपून धरला. हात ऊबदार होता. "वाल्मीक पोटमा व्हता तवापासून मी पुरी झोप नही देखी, कमलबाई. सकाळे उठस ते जसं रातभर दळण दळं. कीर्तनमा डुलकी लागस. भाजी निवडता निवडता लागस. बाया हसतस. माले लाज वाटस." ती कुशीवर वळली. "आन आमना नाना. लगीन व्हयनं आन महिनाभरमा त्यास्नी सांगं, मी घोरस, तू घरमा नीज, मी गोठामा जास. तवापासून गोठामा शेतस. हिव पडो का पानी पडो. कधी एक शब्द नही. माले पाप लागी का हो?"

चुडामणनं वाकून बघितलेला तो गप्प माणूस कमलबाईला डोळ्यांसमोर दिसला. शब्द अगदी तिच्या ओठांवर आला. अंधारात, हात हातात असताना, बाई बाईला सांगू शकते अशी ती वेळ होती. पण पलीकडे कोकिळा होती, आणि तिचं हसणं थांबलं होतं. तीही ऐकत होती.

"पाप कसानं, अक्का," कमलबाई म्हणाली. "नीजा." आणि तिनं गोधडी द्रौपदाबाईच्या गळ्यापर्यंत ओढून दिली. चांगली खोचून दिली. तेवढ्यात पट्टा चढला.

सकाळी सुपारी फोडायची होती. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग माघार नाही. छगनभाऊ नवी टोपी घालून आले. आबा दोंडाईच्याहून परतले, गालांवर जरा रंग घेऊन. नाना आणि वाल्मीक बैलांना पाणी पाजून आले. सगळे शेकोटीभोवती बसले आणि मधोमध ताटलीत सुपारी, हळदकुंकू, गूळ.

द्रौपदाबाईनं सुपारी उचलली. डोळे लाल, डोकं रुमालानं आवळलेलं.

"पोर माले आवडनी," ती म्हणाली. "चालस ते पाय वाजत नही. भाकर करस ते हात वाजत नही. उंच शे ते काय, आमना घरमा फडताळ उंच शे." कोकिळेनं खाली बघितलं. "पन रातले आम्ही तिघीच व्हतूत. मी ते जागीच व्हती. तरी घोरनं व्हतं. म्हंजे तुम्हा दोन्हीमाईन एक जन शे. कमलबाई, तुम्ही असशात ते सांगा. मी सुपारी फोडस. फक्त पोरना घर तुम्ही रातले मुक्काम नही करवा. पोरच घोरत व्हई, ते..." तिनं सुपारी पुन्हा ताटलीत ठेवली. "ते माले जमाव नही. मी आधीच मरी ऱ्हायनू."

कमलबाईनं पदर सावरला. रात्री मुक्काम नाही. म्हणजे पोरीच्या घरी कधी गेलं तरी दिवस मावळायच्या आत निघायचं, नातवंडाला कुशीत घेऊन झोपायचं नाही, दुखलंखुपलं तर उशाशी बसायचं नाही. ठीक आहे. तिनं मनातल्या मनात ते सगळं एकदा मोजून बघितलं आणि सोडून दिलं.

"अक्का, ते मी..."

"मी घोरते," कोकिळा म्हणाली.

ती उभी राहिली होती. सरळ, पुऱ्या उंचीनं, आणि तिचा आवाज जराही हलला नाही. "माय नाही घोरत. मी घोरते. मायला यायला-राहायला बंदी नको."

चुडामणनं डोळे मिटले. आबांना खोकला आला आणि त्यांनी तो गिळला. छगनभाऊंनी घोडा शोधायला मान वळवली, पण आज तिकडे घोडा नव्हता. तोताराम आपली घोडी घेऊन पहाटेच दुसऱ्या टोकाला हलला होता.

मग वाल्मीक बोलला. तो इतका कमी बोलायचा, की सगळ्यांना आधी वाटलं दुसराच कुणी बोलतोय.

"मला चालेल," तो म्हणाला. "घोरल्या तर घोरल्या. मी कानात कापूस घालतो. मला घरी सवय आहे."

"तुले कसानी सवय?" द्रौपदाबाईनं विचारलं.

वाल्मीक शेकोटीतलं लाकूड पुढे सारू लागला.

"नाना ते गोठामा निजतस," ती सावकाश म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली, हिशेब जुळत नसल्यासारखी. "तीस वरीस व्हई गयात. मंग घरमा तू कापूस कसाले घालस?"

चुडामण ट्रॅक्टरच्या रिकाम्या जागेकडे बघू लागला. छगनभाऊ आपल्या चपलांकडे बघू लागले. वाल्मीकचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. द्रौपदाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली, आणि प्रत्येक तोंड तिच्या नजरेखालून निसटत गेलं. शेवटी तिची नजर कोकिळेवर आली. पोर अजून उभीच होती, न केलेला गुन्हा कबूल करून, आता शिक्षा कुठली ते सांगा अशी.

बन्सीलाल नानाही तिच्याकडेच बघत होते. बराच वेळ. जणू त्या पोरीच्या हातात त्यांना आपली घोंगडी दिसत होती.

त्यांनी बशी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, आले, आणि शेकोटीपाशी बायकोच्या शेजारी, इतक्या माणसांसमोर, पहिल्यांदाच असे चिकटून बसले.

"बस पोरी," ते कोकिळेला म्हणाले. "तू नही."

मग त्यांनी द्रौपदाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वाल्मीकनी माय," ते म्हणाले, "घोरस ती तू."